एस्तेरबाईंची पाटी

एस्तेरबाईंच्या दुकानाची पाटी पत्र्याची होती आणि दोन हुकांना नुसती अडकवलेली असायची. तिच्या एका बाजूला गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं, 'एस्तेर डिझायनर स्टुडिओ', आणि शेजारी फुलांचा गुच्छ. दुसऱ्या बाजूला निळ्या अक्षरांत 'एस्तेर लेडीज टेलर्स', आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'पिको, फॉल, अल्टर करून मिळेल'. बाजार चालू असला की गुलाबी बाजू रस्त्याकडे. बाजार बसला, म्हणजे मंदी आली, की बाई स्टुलावर चढायच्या आणि पाटी पालथी करायच्या.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई दुकान बंद करतायत. आईने तिचे दोन ब्लाऊज सैल करायला दिले होते, ते घेऊन मी श्रीरामपूरच्या स्टेशन रोडवर उभी होते. वर स्टुलावर एक उंच, हाडापेराने मोठी बाई. गळ्यात टेप, कानामागे खडू, तोंडात टाचण्यांची रांग. त्यांनी पाटी उतरवली, पालथी केली, फुंकर मारून धूळ उडवली आणि परत अडकवली. मग माझ्याकडे बघून ओठ न उघडता काहीतरी बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही.

"बाई म्हणतायत, स्टूल धर," आतून आवाज आला.

तो नफीसाचा. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात आरी वर्कच्या भरतकामाची लाकडी फ्रेम होती, खाटेएवढी, आणि तिच्यावर ताणलेल्या कापडापाशी नफीसा बसलेली असायची. तोंडात टाचण्या असताना बाई काय बोलतात ते फक्त तिला कळायचं. इतर सगळ्यांना नफीसा भाषांतर करून सांगायची, आणि भाषांतर करताना स्वतःचंही थोडं घालायची असा मला संशय आहे.

मी स्टूल धरलं. बाई उतरल्या, टाचण्या काढून टेपला खोचल्या आणि माझ्या हातातले ब्लाऊज न बघता खाली वाकून माझ्या कुर्त्याचा घेर उलटा केला. मी एकदम मागे सरकले. मला कोणी हात लावलेला चालत नाही, आणि रस्त्यात तर नाहीच.

"पुण्याला घेतलाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अस्तर काढून टाकलंय. आधी अस्तर असायचं ह्या कंपनीच्या कपड्याला. बटनं पण बदलली." मग कपडा सोडून दिला. "त्यांचा पण बाजार बसलाय म्हणायचा."

ते अस्तर काढायचं ठरलं त्या मीटिंगमध्ये मी बसले होते. किंमत तीच ठेवायची, अस्तर काढायचं, बटणं प्लास्टिकची करायची, एवढं सगळं मोठ्या पडद्यावर बाण दाखवून ठरलं होतं. पुढच्या सीझनला भरतकाम कमी झालं, त्याच्या पुढच्या सीझनला आमची टीमच. मी घरी परत आले होते आणि शेजारी विचारतील म्हणून दुपारची बाहेर पडत नव्हते. बाईंनी मात्र 'सुट्टीवर आलीस का' हे विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "मोबाईलमध्ये फोटो चांगले काढता येतात का गं तुला?"

अशी मी तिथे लागले. नाव सांगूनही त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी कुठल्या शाळेत होते ते कळल्यावर माझं नाव कॉन्व्हेंट पडलं. "ए कॉन्व्हेंट, सुईत दोरा ओव." "कॉन्व्हेंट, इस्त्री बंद केली का?" पहिले काही दिवस मला राग आला. नंतर लक्षात आलं की दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला बाईंनी काहीतरी नाव ठेवलेलंच असतं, आणि आवडत नसलेल्या माणसाला त्या फक्त 'मॅडम' म्हणतात.

बाजार बसलाय हे बाईंना कसं कळायचं, ते मला तिथे बसून हळूहळू समजलं. त्या पेपर वाचत नव्हत्या. टीव्हीवर बातम्या लागल्या की आवाज बंद करून निवेदिकेचा गळा कुठल्या कटचा आहे ते बघत. पण नव्या साडीला फॉल लावायला येणाऱ्या बायका कमी झाल्या, की त्या मान हलवायच्या. जुना परकर कोणी रफू करायला आणला, की "हं" म्हणायच्या. आणि शाळेच्या गणवेशाचा स्कर्ट नवा शिवायच्या ऐवजी दुमड उसवून लांब करायला आला, की त्या दिवशी पाटी फिरायची.

"माणूस आधी आतलं कमी करतो," त्या म्हणायच्या. "अस्तर, परकर. कुणाला दिसत न्हाई ना. मग दिसणारं. आणि सगळ्यात शेवटी लग्नातलं."

लग्नातल्या कपड्यांबद्दल त्यांचा एक सिद्धान्त होता. तो त्या गिऱ्हाइकासमोरसुद्धा बोलायच्या, आणि गिऱ्हाईक कुठल्या बाजूचं आहे ते आम्हाला नंतर डोळ्यांनी दाखवायच्या. बाजार बसला की ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना साधेपणा सुचतो, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना भरजरी सुचतं. पहिल्यांना नजर लागायची भीती, दुसऱ्यांना रिकामा खिसा कळायची. "त्यामुळं मंदीत भारी साडी घालून आली की समजायचं, हिच्या घरी पैशाची लई ओढ हाय. आणि कॉटन घालून आली की तिला खुर्ची द्यायची."

हे नेहमी खरं ठरायचं असं नाही. एकदा कॉटन घालून आलेल्या एका बाईंना त्यांनी खुर्ची दिली, थंड सरबत दिलं, भारीतले कापडाचे नमुने काढून दाखवले. ती शेजारच्या शाळेतली शिक्षिका निघाली. तिला साडीपिन हवी होती. बाईंनी ती फुकट दिली, आणि ती गेल्यावर म्हणाल्या, "पण बसली कशी ताठ बघितली का."

फिकट रंगाचं तर विचारूच नये. मी यायच्या आधीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट, नफीसाने सांगितलेली. मोबाईलवर सगळ्या नवऱ्या फिकट पीच रंगात दिसायला लागल्या, तेव्हा बाईंनी ठरवलं की आता हेच चालणार. गठ्ठाच्या गठ्ठा पीच रंगाचं सिल्क मागवलं. एकही ब्लाऊज खपला नाही. एका नवरीच्या आईने कापड पोरीच्या गालाला लावून बघितलं आणि म्हणाली, "बाई, पोरगी तापातनं उठल्यासारखी दिसती." ते कापड मग अस्तर म्हणून वापरलं गेलं. अजूनही श्रीरामपुरात आणि आसपासच्या गावांत कितीतरी लाल-हिरव्या ब्लाऊजच्या आत मोबाईलमधल्या नवऱ्यांचा रंग आहे. बाई याला चूक म्हणत नव्हत्या. त्या म्हणायच्या, "फॅशन आत आली, बाहेर यायला येळ लागंल."

रविवारी चर्चमध्ये त्या मुद्दाम शेवटच्या बाकावर बसायच्या. फादरनी एकदा सगळ्यांसमोर हटकलं, "एस्तेरबाई, एवढ्या उंच तुम्ही, पुढे या की."

"पुढं बसून कुणाची शिवण दिसती फादर?" बाई म्हणाल्या. फादरच हसले.

पण ती थट्टा नव्हती. चर्चमधल्या लग्नात सगळा समाज नवरीच्या पाठीकडे बघत बसतो, त्यामुळे पांढऱ्या गाऊनचं सगळं काम पाठीवर हवं. मांडवातल्या लग्नात नवरी लोकांकडे तोंड करून बसते, तिथे गळा आणि बाही. ओढीच्या दिवसांत बाई एवढाच भाग भरायच्या आणि बाकी मोकळं ठेवायच्या. लोकांची मान खाली जाऊ नये आणि नफीसाची फ्रेम रिकामी राहू नये, या दोन्हीच्या मधून त्या कात्री चालवत.

फ्रेम हा बाईंचा हळवा कोपरा होता. साथीच्या वर्षी दुकान बंद होतं तेव्हा त्यांनी ती सोडून भिंतीला उभी करून ठेवली होती. नफीसा घरी बसली. परत काम सुरू झालं तेव्हा तिच्या हाताला आधीची लय यायला फार दिवस लागले. सुई कापडाखालचा दोरा चुकवायची आणि ती चिडून रडायची. बाईंनी तेव्हापासून मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी फ्रेम मोडायची नाही. "पाटी फिरवंन," त्या म्हणायच्या, "फ्रेम सोडायची न्हाई."

आणि त्यातच सगळी अडचण होती. पाटी 'टेलर्स'वर फिरवली की अल्टर करायला बायका यायच्या, मशीन दिवसभर चालायचं, पण नफीसाला काम नसायचं. टेलरकडे आरी वर्क करायला कोण येणार? पाटी 'स्टुडिओ'वर ठेवली तर आरीचं एखादं काम यायची आशा, पण परकर घेऊन आलेली बाई दारातच थबकायची, पाटी वाचायची आणि पिशवी पदराखाली घेऊन पुढे जायची. स्टुडिओत परकर कसा काढायचा? मी आत बसून हे बघायचे. मला ते थबकणं चांगलं कळायचं.

त्या हिवाळ्यात तर दोन्हीकडून ओढ होती. कापसाला भाव नव्हता. उसाची बिलं लांबली होती. बाजारपेठेतल्या कापडवाल्यांनी दुकानाबाहेर सेलचे स्टँड लावले होते आणि त्या स्टँडपाशीही गर्दी नव्हती. शहरातल्या एका दुकानाने लग्नाचे घागरे भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. माझ्या कामाचं म्हणाल तर मी ब्लाऊजचे फोटो टाकायचे, लोक हृदयाची खूण करायचे आणि येत कोणी नव्हतं. फ्रेमवर एकच काम उरलं होतं, पूजाच्या शालूचा ब्लाऊज.

पूजा आमच्या गल्लीतली. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर. दिवाळीनंतर तिचं श्रीगोंद्याकडे जमलं, घर उसातलं, दारात गाडी. आपल्याकडे शालू नवरदेवाकडचा असतो आणि त्यावरचा ब्लाऊज शिवायचा नवरीकडच्यांनी. बैठकीत विहीणबाईंनी एवढंच म्हटलं होतं, "शालू आम्ही भारीतला घेऊ. ब्लाऊज मात्र डिझायनरकडचा पाहिजे." तेव्हा आमची पाटी गुलाबी होती. पूजा आणि तिची आई हसत आल्या, दोन्ही बाह्यांवर कोपरापर्यंत भरगच्च काम आणि पाठीवर मोर, असं ठरवून गेल्या.

संक्रांतीनंतर पूजाची आई एकटीच आली. पाटी निळी झाली होती. ती बसली, पाणी प्यायली, उन्हाबद्दल बोलली. मग म्हणाली, "बाई, मोर राहू द्या."

बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी मान हलवली.

"आणि बाह्या पण... साधा शिवला तरी चालंल. जिनिंगमध्ये काम कमी केलंय. ह्यांना आठवड्यातनं तीन दिवसच बोलावतात."

बाईंनी एकेक टाचणी काढून टेपला खोचली. घाई केली नाही. "साधा शिवला तर तुझी विहीण काय म्हणंल?"

बाईंनी उत्तराची वाट बघितली नाही.

"पदर कुठल्या खांद्यावर?"

"डाव्या."

"त्याच्यावर शेला. मग डावी बाही कुणाला दिसती? उजवी भरू. कोपरापर्यंत, ठरलं तशी. अक्षता टाकताना, हार घालताना, फोटोत, सगळीकडं उजवाच हात पुढं असतो. डावी साधी."

"चालतं असं?"

"चालवायचं."

ती गेल्यावर नफीसा फ्रेमवरून न उठता म्हणाली, "बाई, ही बाही झाली की मी जाते. एमआयडीसीत पॅकिंगला घेतायत. सोमवारपासून ये म्हणाले." तिने हे इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं, हे त्यांचं आधीच बोलून झालंय. झालेलं नव्हतं. बाई उठल्या, मशीनचं तेल आणायला म्हणून बाहेर गेल्या आणि तेल न घेता परत आल्या.

नफीसाने ती बाही फार सावकाश भरली. मोती, कटदाण्याचे काचमणी, बारीक जर. मी बाहीचे फोटो काढायला लागले तेव्हा नफीसाने हात मध्ये घातला, "झालं की काढ." शेवटच्या दिवशी बाहीचं काम संपलं तरी ती उठेना. मग तिने डाव्या बाहीच्या काठावर, आतल्या बाजूला, जिथे हात अंगाला लागतो तिथे एक फूल भरलं. नखाएवढं. कोणालाच दिसणार नाही असं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बाई नेहमी घालायला लावतात. जी बाजू मोकळी राहील तिथं एक." तिने दोरा तोडला. "नवरीला माहीत असतं. बास."

त्याच दुपारी दारात गाडी थांबली. पूजाची आई आधी उतरली. तिचा चेहरा बघूनच मला कळलं की ती मनाने आलेली नाही. मागून विहीणबाई उतरल्या. पिवळी पैठणी, उन्हाचा चष्मा, हातात पर्स. बाजारात दागिने बघायला आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, जाता जाता ब्लाऊज बघून घेऊ. त्या रस्त्यात उभ्या राहिल्या आणि मान वर करून त्यांनी पाटी मोठ्याने वाचली, खालच्या बारीक अक्षरांसकट.

"पिको, फॉल, अल्टर करून मिळेल." मग पूजाच्या आईकडे वळल्या. "ताई, आपलं डिझायनरकडचं ठरलं होतं ना?"

बैठकीत ठरलेली गोष्ट होती. ब्लाऊजच्या पाटीवरून आता आणखी काय काय निघेल, ते पूजाच्या आईच्या डोळ्यांत दिसत होतं.

एस्तेरबाई दारात आल्या. "या या विहीणबाई. पाटी धुऊन वाळत घातलीय, म्हणून पालथी हाय. आत या, बाहेर ऊन हाय." आणि मागे न वळता, "कॉन्व्हेंट, पाटी वाळली का बघ गं. वाळली असंल तर सरळ कर."

पाटी कित्येक दिवस त्याच हुकांवर होती. तिच्यावर धुळीचा थर होता. मी स्टूल घेतलं, आणि जाता जाता कोपऱ्यातला इस्त्रीच्या पाण्याचा स्प्रेही घेतला. का घेतला ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. गाडीचा ड्रायव्हर बघत होता, समोरचा चहावाला बघत होता. एरवी असं सगळ्यांसमोर मी स्टुलावर चढले नसते. मी पाटी उतरवली, दोन्ही बाजूंनी पाणी मारलं, ओढणीने पुसली आणि गुलाबी बाजू करून अडकवली. पाटीवरून थेंब पडत होते. चहावाला म्हणाला, "आज सणबिण हाय का काय?"

आत आले तेव्हा ब्लाऊज टेबलावर पसरलेला होता. विहीणबाईंनी उजवी बाही हातावर घेऊन उजेडात धरली होती. त्यांनी चष्मा काढला. मग डावी घेतली.

"ही राहिली का?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "झाली."

"एकाच बाहीवर काम?"

"एवढंच असतं ते. डावीकडं शेला घासतो, मोती तुटतात. पुण्याला विचारा, म्हणजे हिला विचारा. ही तिकडंच हुती, मोठ्या कंपनीत. कपडे ठरवायला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नफीसासुद्धा. माझे हात अजून ओले होते.

"पुण्यात असंच करतात का गं?" विहीणबाईंनी विचारलं.

"आमच्या कंपनीने गेल्या सीझनला एकाच बाजूला काम ठेवलं होतं," मी म्हणाले. "लोकांना आवडलं."

हे अगदी खरं होतं. का ठेवलं होतं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

विहीणबाई पुन्हा बाही चाचपू लागल्या. काठाशी त्यांचं बोट अडलं. त्यांनी कापड उलटं केलं आणि ते नखाएवढं फूल बघितलं. "आणि हे?"

"ते नवरीचं," बाई म्हणाल्या. "ते लोकांसाठी न्हाई."

विहीणबाई बराच वेळ त्या फुलावर अंगठा फिरवत राहिल्या. मग पूजाच्या आईला म्हणाल्या, "ताई, गाडीतली माझी पाण्याची बाटली आणता का?" ती बाहेर गेल्याबरोबर त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला. खाली आला, गावचा झाला.

"बाई, मला बी असं एका बाहीचं व्हईल का? लग्नात घालायला. आन माझ्या दोन जावांना. सगळं भरून घ्यायचं ठरीवलं हुतं आमी." त्या थांबल्या. "पर औंदा कारखान्यानं बिलच काढलं न्हाई. घरात बोलत न्हाई कुनी, पर बेतानंच चाललंय. भरगच्च न्हाई केलं तर भावकी म्हननार, आटलं ह्यांचं. फॅशनच हाय म्हनल्यावर कोन काय म्हननार?"

बाईंनी आधी खुर्ची पुढे सरकवली. मग सरबत करायला सांगितलं. मग टेप गळ्यातून काढली.

"उजवा हात वर करा," त्या म्हणाल्या.

पूजाची आई बाटली घेऊन आली तेव्हा विहीणबाई सरबत पीत होत्या. तिला म्हणाल्या, "चांगलं काम हाय ताई. तुम्ही घाबरलाय काय एवढ्या?" गाडी गेल्यावर पूजाची आई दुकानाच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले.

आत नफीसा फ्रेमवरचे जुने दोरे काढत होती. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तीन बाह्या हायेत," त्या म्हणाल्या. "तिघी जावा-जावा हायेत, त्यामुळं एकीचीबी दुसरीपेक्षा कमी चालणार न्हाई. सोमवारचं काय?"

"सोमवारी दोरा संपलाय तो आणावा लागंल," नफीसा म्हणाली. "हिरवा."

लग्नाला आम्ही तिघी गेलो. बाई जेवणाच्या रांगेपाशी, मागे उभ्या राहिल्या. लग्नात त्या कधी कोणाच्या तोंडाकडे बघत नाहीत. पूजाने हार घातला तेव्हा उजवी बाही दिव्याखाली चमकली आणि बायकांच्या घोळक्यातून माना वळल्या. पुढच्या रांगेत तीन जावा, तिघींच्या उजव्या बाह्या. जेवताना एक अनोळखी बाई दुसरीला सांगत होती, "आता अशीच चाललीय. दोन्ही भरायची पद्धत जुनी झाली." बाईंनी जिलेबी तोंडात घातली आणि माझ्या पायावर पाय दिला.

महिन्याभरात एका बाहीचे इतके ब्लाऊज आले की नफीसाने तिच्या भाचीला हाताखाली घेतलं. ज्यांना परवडत होतं त्यांनीही एकच बाही मागितली. राहात्याहून एक बाई आल्या, त्यांच्या मुलीचे दोन्ही खांदे भरायची ऐपत होती. बाईंनी सुचवून बघितलं, तर त्या म्हणाल्या, "नको बाई, गावठी वाटतं." बाईंनी त्यांना खुर्ची दिली.

पण आता पाटीचा प्रश्न आला. गुलाबी ठेवावी लागत होती, कारण बायका बाहीसाठी स्टुडिओ शोधत यायच्या. आणि परकरवाल्या बायका दारातून परत जायला लागल्या होत्या. बाजार तर अजून बसलेलाच होता. बाई दोन दिवस अस्वस्थ होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी वेल्डरला बोलावलं आणि पाटी भिंतीला चिकटून न लावता रस्त्यात आडवी, पंख्याच्या पात्यासारखी बाहेर काढायला सांगितली. दोन्ही बाजू एकदम दिसतील अशी.

वेल्डरने विचारलं, "कुठली बाजू कुणीकडं?"

"थांब," बाई म्हणाल्या, आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. बाई एकदा स्टेशनाकडून येणाऱ्यांकडे बघायच्या, एकदा बाजाराकडून येणाऱ्यांकडे. वेल्डर चहा पिऊन आला. त्याने दुसरा चहा घेतला.

"बाजाराकडनं येणाऱ्याच्या हातात पिशवी हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "त्याचा खर्च झालाय, त्याला टेलर दिसू दे. स्टेशनाकडनं येणारा अजून मोकळा हाय. त्याला स्टुडिओ."

"बाई, आणि जाणाऱ्यांना?" वेल्डर म्हणाला. "जो येताना स्टुडिओ बघून जाईल त्याला परत जाताना टेलर दिसणार."

"व्हय मग," बाई म्हणाल्या. "जाताना तोच पायजे."

पाऊसकाळ संपता संपता मला पुण्यात पुन्हा काम मिळालं. आधीच्यापेक्षा लहान कंपनी. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "अस्तर लावतात का?" मी म्हणाले, बघते.

निघायच्या दिवशी बाजाराकडून रिक्षा केली आणि स्टेशनावर जाताना दुकानापाशी दोन मिनिटं थांबवली. लांबूनच निळी अक्षरं दिसत होती. बाई पायरीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. समोर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी ताठ उभी, आणि बाई तिच्या स्कर्टची दुमड सोडून नवी उंची लावत होत्या. तोंडात टाचण्या होत्या. बाईंनी वर बघितलं आणि ओठ न उघडता काहीतरी लांबलचक म्हणाल्या.

"बाई काय म्हणतायत?" मी आत बघून विचारलं.

नफीसा फ्रेमवर वाकलेली होती. तिने मान वर केली नाही. "म्हणतायत, दिवाळीला ये."

एवढंच? मला वाटलं, बोलणं बरंच मोठं होतं. या वेळी नफीसाने आपलं काही घातलं नव्हतं, उलट बरंच काढून ठेवलं होतं. पण रिक्षावाला घाई करत होता.

रिक्षा पुढे निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. पाटीची दुसरी बाजू समोर आली होती. गुलाबी अक्षरं, फुलांचा गुच्छ, एस्तेर डिझायनर स्टुडिओ. आणि बरोबर त्याच्याखाली बाई, गुडघे टेकून, एका पोरीचा जुना स्कर्ट अजून एका वर्षापुरता लांब करत होत्या.